हजारची काच

आमच्या माडीवरच्या खोलीत बावीस वर्षं एक झिरोचा बल्ब रात्रंदिवस पेटलेला होता. तोही लाकडी कपाटाच्या आत, आणि कपाटाला बाहेरून कडी. पहिल्याच महिन्यात मी वर जाऊन विचारलं, पावणं, कपाटात कोण जागं असतंय? त्यांनी कडी काढून दाखवली. आत फडक्यावर ओळीनं कॅमेऱ्याच्या लेन्स मांडलेल्या. ते लेन्स म्हणायचे नाहीत, काच म्हणायचे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चपलासुद्धा हिरव्या पडतात. तशीच बुरशी काचेच्या पोटात धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा धरली की ती काच कामातून गेली. बल्बाच्या उबेनं आतली हवा कोरडी राहते.

"माणसाला बुरशी धरली तर चालंल मिस्त्री," ते म्हणाले. "काचंला न्हाय."

हे बल्बाचं मी आधीच सांगून ठेवतो. पुढं ऐनवेळी मी तो बल्ब विसरलो, आणि विसरायला नको होता.

त्यांना पावणं हे नाव मीच दिलं. खोली बघायला दारात आले तेव्हा मी आपल्याकडं कुणालाही म्हणतात तसं "या पावणं" म्हणालो. ते आले आणि बावीस वर्षं राहिले, पण नाव तेच राहिलं. गल्लीतली पोरंसुद्धा पावणं म्हणायची. माझी बायको तेवढी भाऊजी म्हणायची.

स्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तिथं खुंटीला एकच काळा कोट. पाठीकडून उभा फाडलेला आणि नाड्या लावलेल्या, म्हणजे लहान-मोठा कुणीही आला तरी मापात बसतो. अर्ध्या जिल्ह्याच्या पासपोर्ट फोटोत तोच कोट आहे. जावई तोच घालून बसलेला, सासराही तोच. एकदा एक पैलवान आला, त्याला नाड्या पुरेनात, तर ह्यांनी मागून दोन कपड्यांचे चिमटे लावले आणि म्हणाले, "आता श्वास घेऊ नका आणि हलू नका."

'हलू नका' हे त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की मांजराला, दूध उतू जाताना पातेल्याला आणि एकदा तर भूकंपाचा धक्का बसला तेव्हा भिंतीलासुद्धा म्हणाले. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मोबाइलात कॅमेरे आले, स्टुडिओ बसला, खुंटीवरचा कोट घेऊन ते माडीवर आले ते दिवसाही कायमचेच.

माणसाला काचेच्या नंबरानं ओळखायची त्यांची खोड होती. काचेचा नंबर जेवढा लहान तेवढं एका वेळी जास्त दिसतं. जेवढा मोठा, तेवढं थोडं दिसतं पण जवळ दिसतं. ह्या हिशेबानं नाक्यावरचा पानवाला पन्नासचा. माझी बायको अठ्ठावीसची, कारण चुलीवरचं, दारातलं आणि शेजारणीच्या घरातलं तिला एकदमच दिसायचं. आणि मी हजारचा. "तुम्हाला एकच दिसतंय मिस्त्री, आणि ते लई मोठं दिसतंय." मला तेव्हा राग आला होता. चौथी शिकलेला माणूस, लेथ मशीनवर चाळीस वर्षं काढलेली, समोरच्या कामाशिवाय बघणार तरी काय? पण बायको आजारी पडल्यावर कळलं, की त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचं पंपिंग निम्म्याच्या खाली आलं आहे. जड उचलायचं नाही, जिना चढायचा नाही, एकटं सोडायचं नाही. जीव घाबरला की एक गोळी जिभेखाली आणि तडक दवाखाना. ती गोळी मी खिशात ठेवायचो, एक फडताळात, एक देवापाशी, एक स्कूटरच्या डिकीत. मागच्या शेडमध्ये माझं जुनं लेथ आहे. लेथच्या आवाजात घरातला खोकला ऐकू येत नाही, म्हणून घडीघडी मशीन बंद करून कान द्यायचो. खोकला ऐकू आला की भीती वाटायची, आणि नाही आला की जास्त वाटायची. शेवटी तीच वैतागली. मशीन बंद पडलं की आतून ओट्यावर तांब्या दोनदा आपटायची आणि ओरडायची, "मेली न्हाय अजून. काम करा."

तिची एक सवय होती. पहिल्यांदा सांगितलेलं ती कधी खरं मानायची नाही. "व्हय?" म्हणायची आणि दुसऱ्यांदा वदवून घ्यायची. डॉक्टरांनासुद्धा. आमच्या घरात सगळं दोनदा बोललं जायचं.

पावण्यांचं वेड त्याच वर्षी वाढलं. आकाशात ते एक स्टेशन फिरतं, माणसं असलेलं, त्याचा चंद्राजवळून जाताना फोटो काढायचा. मोबाइलात बघून ते कधी कुठून जाणार ते वहीत उतरवून ठेवायचे. मी म्हणालो, एवढी लग्नं काढली, एवढे वाढदिवस काढले, आता हे कशाला? तर म्हणाले, जन्मभर माणसांना हलू नका म्हणत आलोय. हा एकच असा हाय की त्याला म्हणता येत न्हाय.

ह्या कामासाठी त्यांनी इचलकरंजीच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरला स्टुडिओतले दिवे आणि छत्र्या देऊन त्या बदल्यात एक काच आणली. हजारची. तुपाच्या डब्याएवढी, आत आरसे बसवलेली. पण ती त्यांच्या कॅमेऱ्याला बसेना. मध्ये एक रिंग पाहिजे, एका बाजूला काचेचे आटे, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याची खाच. ते डब्यासारखं धूड पदरातल्या बाळासारखं धरून ते शेडमध्ये आले.

मी लेथवर ॲल्युमिनियमची रिंग काढली. खाच जमली. आट्यात फसलो. माझं लेथ जुनं, इंचातलं, आणि काचेचे आटे मिलिमीटरचे. मशीनला बरोबर दात्यांचं चाक लावलं तर जमतं, पण ते चाक माझ्याकडं नव्हतं. उद्यमनगरच्या कारखान्यांत आम्ही अशा वेळी करतो तेच केलं, जवळात जवळचे आटे पाडले. पंपाला चालतं, मोटारीला चालतं. इथं दोन वेढे गुण्यागोविंदानं बसले आणि तिसऱ्याला रिंग जी अडकली ती पुढं जाईना की मागं येईना. मी पाना घेतला तर पावण्यांनी माझं मनगट धरलं.

बायको चहा घेऊन दारात आली, बघितलं आणि म्हणाली, लोणच्याच्या बरणीचं टोपण आडकलं तर पाना मारता व्हय? तिनं खोबरेल तेलाचं बोट रिंगच्या कडेनं फिरवलं, गरम पाण्यातलं फडकं पिळून गुंडाळलं आणि थोडं थांबली. काचेजवळ तेल बघून पावणं भिंतीला टेकले. मग तिनं एक हिसका दिला, बांगड्या वाजल्या आणि रिंग सुटली. "घ्या," म्हणाली, आणि धाप लागली म्हणून तिथंच स्टुलावर बसली. मी आधी गोळी काढली. पावण्यांनी आधी काच पुसली. मग त्यांना लाज वाटली असावी, फडकं ठेवून त्यांनी तिला पाणी दिलं.

मग मी दोस्ताकडून चाक आणून दुसरी रिंग केली. ती लोण्यासारखी बसली.

तरी कुठली काच लावायची हा घोळ सुटेना. महिनाभर चहाच्या वेळी तेच. हजारची लावली तर चंद्र परातीएवढा दिसणार, स्टेशनचे पंखसुद्धा दिसणार. पण तिची खिडकी एवढीशी. स्टेशन चंद्रावरून गेलं तरच सापडणार, जरा बाजूनं गेलं तर आपण नुसत्या चंद्राचा फोटो काढून बसायचं. लग्नातली जुनी दोनशेची लावली तर चंद्र लिंबाएवढा, पण बाजूनं जाणारंही त्यात येणार. मात्र टिंबासारखं.

आणि गंमत अशी, की शिमग्याच्या आठवडाभर आधी ते जाणार होतं तेव्हा आमच्या घरातून ते चंद्राच्या बाजूनं जाताना दिसणार, आणि कागलमधून बघितलं तर बरोबर चंद्रावरून. मी म्हणालो, एकच वस्तू दोन ठिकाणांहून दोन रस्त्यानं कशी जाईल? त्यांनी मला हाताला धरून रस्त्यावर नेलं. विजेच्या खांबामागं शेजाऱ्याचा नारळ झाकला जाईल असं उभं केलं, मग दहा पावलं सरकवलं. नारळ बाजूला आला. मला पटलं.

म्हणजे हजारची काच लावायची तर कागलला जायला पाहिजे. आणि मला जायला पाहिजे. त्यांना स्कूटर येत नव्हती, रिक्षाच्या धक्क्यात काच न्यायला ते तयार नव्हते, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. दोनशेची काच कॅमेरा आपला आपण फोकस करतो, हजारची हातानं फिरवावी लागते. "तुमच्या बोटाला हजारावा भाग कळतोय," ते म्हणायचे. "फोकस तुम्ही, बटण मी." मी हो म्हणून बसलो. पोरगी इचलकरंजीला दिली आहे, ती त्या दिवशी आईजवळ येऊन राहणार असं ठरलं.

बायकोला त्यांनी एकदा विचारलं होतं, वैनी, तुम्ही सांगा, कुठली लावू? ती म्हणाली, "जाणारं माणूस दिसलं म्हंजे झालं की. चंद्र काय, रोजचाच हाय." ते हसले. पण वहीत त्यांनी कागल लिहून त्याभोवती चौकोन केला होता.

त्या दिवशी चारला पोरीचा फोन आला. नातवाला ताप, जावई कामाच्या पाळीवर, तिला निघता येत नव्हतं. मी फोन ठेवला आणि कुणालाच काही बोललो नाही. बायकोनं चेहऱ्यावरून ओळखलं.

"जावा की तुम्ही. दोन-तीन तासांचा तर सवाल. मी काय पळून चाललीया व्हय?"

मी म्हणालो, शेजारणीला बसवतो. शेजारीण लग्नाला गेली होती. मी स्कूटर बाहेर काढली, आत घेतली, परत बाहेर काढली. गोळी तिच्या हातात दिली, मग पदराच्या टोकाला बांधली. मोबाइल जवळ ठेवला, तो वाजतो का बघायला स्वतःच फोन केला. ती म्हणाली, "उचलू का नको?" मला हसू आलं नाही. नाही म्हणावं तर एका माणसाची जन्माची इच्छा, आणि जावं तर रस्ताभर तिचाच खोकला कानात. मी कुणाला दुखवायचं ते ठरवत अंगणात उभा होतो. पोरीचा फोन मी पावण्यांना सांगितला नव्हता, पण माडीची खिडकी अंगणावरच आहे.

पाचला ते खाली आले. हातात तिपाई आणि कॅमेरा. कॅमेऱ्याला दोनशेची.

"हजारची कुठाय?"

"बुरशी धरलीया," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता. "आत्ताच बघितलं. जाळंच जाळं. काय उपयोग न्हाय. कागलचं राहूद्या, हितंच अंगणात लावतो."

मी भडकलो. महिनाभर माझ्याकडून रिंगा करून घेतल्या, चाकासाठी दोस्ताच्या दारात उभा राहिलो, सकाळपासून माझा जीव वरखाली, आणि ह्या माणसानं निघायच्या वेळेपर्यंत काच उघडून बघितली नव्हती? काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. गल्लीनं ऐकलं. ते तिपाईचे पाय उघडत राहिले. मी थांबलो तेव्हा उंबऱ्यातून बायकोचा बारीक आवाज आला.

"माझ्या तेलानं झालं आसंल."

पावण्यांचे हात थांबले. मला आठवतं, ते तोंड उघडून काहीतरी म्हणणार होते. मग म्हणाले, "त्यात काय, वैनी." एवढंच.

सहा वाजता अंगणात धुण्याच्या दगडाजवळ खुर्ची टाकून तिला बसवलं. अर्धा चंद्र वर होता. उजेड कसा पडतो ते बघायला म्हणून पावण्यांनी कॅमेरा आधी तिच्याकडं वळवला. "हलू नका वैनी." ती हललीच. चंद्र कुठं आहे ते बघायला मान वर केली, आणि त्यांनी बटण दाबलं.

सात वाजून गेल्यावर रंकाळ्याच्या बाजूनं ते आलं. आवाज नाही, लुकलुकणं नाही, पेटलेल्या उदबत्तीच्या टोकासारखं सरळ वर चढत. मी विमान समजलो. ती खुर्चीतून उठली.

"आत माणसं हायत?"

"हायत," पावणं कॅमेऱ्यामागून म्हणाले.

"व्हय?"

"हायत, वैनी."

"मग घरी कवा येत्यात?"

त्यांनी बटण दाबून धरलं होतं. ते टिंब चंद्राच्या बाजूनं, थोडं अंतर ठेवून गेलं. ती पाव्हण्यारावळ्याला फाटकातून म्हणायची तसं हात वर करून म्हणाली, "सावकाश जावा." हात खाली आला आणि त्याच्या पाठोपाठ तीही. खुर्ची सरकली. ओठ काळेनिळे. पदराची गाठ मला सुटेना, चाळीस वर्षं हजारावा भाग ओळखणारी बोटं, पण गाठ सुटेना. दातानं तोडली.

पावणं अनवाणी रस्त्यावर पळाले आणि रिक्षा घेऊन आले. ज्या माणसानं कधी काच झाकल्याशिवाय पाणी पिलं नाही, त्याचा कॅमेरा रात्रभर अंगणात दवात उभा होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. नवव्या दिवशी ती घरी आली.

त्यानंतर ती गौरी-गणपतीपर्यंत होती. सहा महिने. ते सहा महिने मला मिळाले, पण तिला त्यात एक काटा राहिला. पावणं चहाला खाली आले की विचारायची, भाऊजी, ती काच धुवून निघत न्हाय व्हय? ते कपात बघायचे. "निघंल की." पुण्याला दुरुस्तीवाला असतो म्हणं, धाडा की. "धाडू की." पुन्हा दोनदा ते स्टेशन कागलवरून जाणार होतं, तिनंच त्यांना वहीत बघायला लावलं. ते म्हणाले, आता डोळ्याला दिसत न्हाय, राहूद्या. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी तिनं मला म्हटलं, "त्या माणसाचं तेवढं एक राहिलं माझ्यामुळं." मी म्हणालो, गप झोप.

ती गेल्यावर पावणं दिवसकार्यापर्यंत थांबले. अंगणात काढलेला तो फोटो मोठा करून त्यांनीच फ्रेम करून आणला. मग भाचा येऊन त्यांना गारगोटीला घेऊन गेला, डोळ्यांचं करायला. जाताना बाकीच्या काचा बांधल्या, हजारची तेवढी माझ्या हातात दिली. "बुरशीची हाय. दाराला टेकू लावा." कपाटातला बल्ब काढायचा राहिला. मीही काढला नाही.

काच मी शेडमध्ये ठेवली. मधे तीन महिने लेथला हात लावला नाही. तांब्या आपटणारं कोणी नाही, मशीन बंद करून कान देण्यासारखं काही नाही. मागच्या आठवड्यात झाडायला गेलो आणि ती समोर आली. मला वाटलं, बघू तरी. तिच्या तेलाची बुरशी. तिच्या बोटाचं आता दुसरं काही ह्या घरात उरलेलं नाही, पदरसुद्धा पोरीनं धुवून ठेवले. बुरशी तर बुरशी.

रिंग काढली, बॅटरी घेतली, मागून उजेड धरला. मध्ये आरशाचा काळा गोल असतो, तो सोडून सगळं बघितलं. खिडकीकडं धरून बघितलं. चष्मा पुसून बघितलं. आरपार. एक जाळं नाही, एक तंतू नाही. लेथवर चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला काचेतला चरा दिसतो. काच नवीकोरी होती. आणि मग मला बल्ब आठवला. बावीस वर्षं एक दिवस न विझलेला.

गारगोटीला फोन लावला.

"पावणं, हजारच्या काचंत बुरशी कुठाय?"

पलीकडं टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"निघाली आसंल," ते म्हणाले.

मी शिव्या दिल्या. मनात येतील तेवढ्या. लबाड म्हणालो, ती सहा महिने झुरली म्हणालो, तिला तरी एकदा सांगायचं होतं म्हणालो. ते ऐकत राहिले, त्या दिवशी अंगणात ऐकलं होतं तसंच. मी दमल्यावर म्हणाले, "त्या दिवशी खरं सांगितलं आसतं तर वैनीनं तुम्हाला ढकलून धाडलं आसतं, मिस्त्री. आणि नंतर सांगितलं आसतं तर..."

"तर काय?"

"तर माझं तिच्या दुखण्यापायी राहिलं, हे तिला पक्कंच कळलं आसतं की. तेलापायी राहिलं ते बरं."

डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे ते मी विचारलं. सोमवारी, म्हणाले. मी येतो म्हणालो. काच घेऊन येतो म्हणालो. "बघू," म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मी बाहेरच्या खोलीत तिच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिलो. त्या फोटोत ती माझ्याकडं बघत नाही. मान वर आहे, माझ्या डोक्यावरून पलीकडं कुठंतरी बघते. मी म्हणालो, "तुझ्या तेलानं काय झालं नव्हतं. काच चांगली हाय."

थोडं थांबलो. आणि परत एकदा सांगितलं.